चार वाजून पाच मिनिटांचं आभाळ

"हेमाताई, चारचं आभाळ आत्ताच रेकॉर्ड करून टाका. म्हणजे साडेतीनला आपल्याला निघता येईल."

जाताना दाराला कडी घाला म्हणावं, इतक्या सहज आमचा मॅनेजर टिपणीस हे बोलला. मी घड्याळाकडे पाहिलं. बाराला पाच मिनिटं कमी होती.

"चारचं आभाळ बाराला कुठून आणू?"

"तुमच्या त्या तिघांना फोन करा ना. आत्ता कसं आहे ते विचारा आणि बोलून टाका. नोव्हेंबर आहे, ताई. चार तासांत असं काय बदलणार आहे?"

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. आमच्या रेडिओ स्टेशनाला आजवर चार मालक झाले. प्रत्येकानं आल्या आल्या आधी नाव बदललं आणि मग गाणी. मी चौघांच्याही पगारावर राहिले, फक्त मधली अडीच वर्षं सोडून. ती अडीच वर्षं का सुटली, हे गावात अजूनही कुणी ना कुणी विचारतं आणि ज्याला त्याला मी थोडं थोडं सांगत आले. आज सगळं सांगते.

पहिले मालक बाबगोंडा पाटील. सगळे त्यांना आण्णा म्हणत. द्राक्षबागायतदार माणूस, गावाबाहेर कोल्ड स्टोरेज. रेडिओतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण एकदा मनात घेतलं की घेतलं. कोल्ड स्टोरेजच्याच माडीवर दोन खोल्या काढल्या, भिंतींना गोणपाट आणि गाद्या ठोकल्या, आणि 'रेडिओ माळवाणी' सुरू झालं. सकाळी अभंग, मग शेतीची माहिती, दुपारी बायकांसाठी तासभर, संध्याकाळी फर्माईश. एका गाण्याला चाळीस-चाळीस नावं यायची आणि आण्णांचा हुकूम होता की एकही नाव गाळायचं नाही. कित्येकदा नावं गाण्यापेक्षा लांब व्हायची. मी तेव्हा बालवाडीची नोकरी सोडून आले होते. आवाज खणखणीत आणि तोंड त्याहून खणखणीत, एवढंच माझं शिक्षण.

आणि रोज चार वाजून पाच मिनिटांनी आभाळ.

हे जरा समजून घ्यायला हवं. आमच्याकडे द्राक्षाची छाटणी ऑक्टोबरात होते आणि नोव्हेंबरच्या शेवटी बागा फुलोऱ्यात येतात. त्या दिवसांत अवकाळी पाऊस आला तर तो उगवतीकडून येतो. ढग आधी पूर्वेच्या माळावर दिसतात आणि मग पाच-सहा तासांत आमच्या बागांवर. फुलोऱ्यावर पाऊस पडला आणि आधी औषध मारलेलं नसलं, की डावण्या येतो. डावण्या म्हणजे बुरशी. आठवड्याच्या आत घड तपकिरी होऊन गळतो आणि वर्षाचं पीक पानांसकट जातं. ढग दिसल्यापासून पाऊस येईपर्यंतचे ते पाच-सहा तास, तेवढीच काय ती संधी. म्हणून आण्णांनी पूर्वेच्या तीन गावांत तीन माणसं धरली. चारच्या ठोक्याला त्यांनी घराबाहेर येऊन उगवतीकडे बघायचं आणि स्टेशनला फोन करायचा. चार-पाचला, म्हणजे चार वाजून पाच मिनिटांनी, मी ते जसंच्या तसं सांगायची, सांगणाऱ्याच्या नावानिशी. नावाशिवाय सांगायचं नाही, हाही आण्णांचाच हुकूम.

"नाव घेतलं म्हंजे माणूस नीट बघतो, हेमा," ते म्हणायचे. "आन् ऐकणारा बी नीट ऐकतो."

ज्या दिवशी ढग असल्याचं सांगितलं जायचं, त्या दिवशी ते मला गच्चीवर घेऊन जायचे. मावळतीकडे सगळ्या बागाच बागा. आम्ही उभे राहायचो. पंधरा-वीस मिनिटांनी कुठूनतरी पहिला ब्लोअर सुरू व्हायचा. ट्रॅक्टरच्या मागचा औषध मारायचा पंखा. त्याचा आवाज दोन-दोन मैल जातो. मग दुसरा, मग तिसरा. आण्णा डोळे मिटून ऐकायचे आणि आवाजावरून बाग ओळखायचे. हा टाकीजवळचा, हा ओढ्याकडचा.

"हे आपलं श्रोते," ते म्हणायचे. "कुणाला मोजायचं असंल तर हितं यून मोजा म्हनावं."

आण्णा थकले, मुलांना रस नव्हता, आणि स्टेशन पुण्याच्या एका कंपनीनं घेतलं. त्यांची अशी नऊ स्टेशनं होती. आम्ही 'भन्नाट एफएम' झालो. गोणपाट जाऊन भिंतीला जांभळा फोम लागला. सगळी गाणी हिंदी, तीही पुण्याहून ठरून यायची, आणि ती कॉम्प्युटर आपली आपण लावायचा. फर्माईश बंद. बायकांचा तास बंद. मला 'आरजे हेमा' केलं आणि एका वाक्यात तीनदा हसायला शिकवलं. आभाळाची दोन मिनिटं तेवढी राहिली, कारण एका औषध कंपनीची त्यावर जाहिरात होती.

टिपणीस त्यांचा मॅनेजर. मुंबईचा, सत्तावीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट. पोरगा वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू. मला ताई म्हणायचा ते मनापासून. पण द्राक्ष त्यानं बॉक्समध्येच पाहिलेलं होतं.

त्या शनिवारी तालुक्याच्या रस्त्यावर दुचाकीच्या एका नव्या शोरूमचं उद्घाटन होतं आणि सूत्रसंचालन माझ्याकडे. चारपासून सातपर्यंत. आमचा इंजिनिअर सदाशिव थेट प्रसारणाची मशिनं घेऊन तिथेच असणार, टिपणीसही तिथेच. म्हणजे स्टेशनात माणूस कुणी नाही, फक्त कॉम्प्युटर.

आता इथं मी टिपणीसवर सगळं ढकलू शकते. सोळा वर्षं ढकललंही थोडंफार. पण खरं असं आहे की मलाही जायचं होतं. शोरूमच्या दारात माझा फोटो असलेला फ्लेक्स लागला होता, माझ्याहून दुप्पट उंच. मी सकाळी रिक्षा मुद्दाम त्या रस्त्यानं नेऊन बघून आले होते. जांभळी साडी इस्त्री करून पिशवीत घालून आणली होती. मी एकदा 'नाही' म्हणाले आणि दुसऱ्यांदा म्हणाले नाही.

फोन केले. बनाळ्याचे पोस्टमास्तर नरळे म्हणाले, स्वच्छ आहे. चिंचखिंडीच्या घाटात टपरी चालवणाऱ्या सरूबाई म्हणाल्या, ऊन मी म्हणतंय. राहिले हुलगेवाडीचे इराप्पा कोळेकर. ते सगळ्यांत पूर्वेकडचे, म्हणून सगळ्यांत महत्त्वाचे. ढग पहिल्यांदा त्यांना दिसायचा. म्हातारा फटकळ होता. नमस्कार नाही, चमत्कार नाही. फोन उचलला की "लिहून घे" म्हणायचा आणि सांगून झालं की ठेवून द्यायचा. पण सात वर्षांत त्यांचं आभाळ एकदाही चुकलं नव्हतं.

"आत्ता का इचारतीस?" ते म्हणाले. "बारा वाजल्यात."

"आज चारचं आत्ताच पाहिजे, काका. मला कामाला जायचंय."

"चारचं चारला सांगन."

"आत्ता कसं आहे तेवढं सांगा ना."

ते उठून बाहेर बघून आले. मग म्हणाले, "आत्ता निवळ हाय. पर ह्ये आत्ताचं हाय. ध्येनात ठेव."

फोन ठेवला आणि मी माईकसमोर बसले. "नमस्कार. चार वाजून पाच मिनिटं झाली आहेत. हुलगेवाडीहून इराप्पा कोळेकर कळवतात, उगवतीचं आभाळ निवळ आहे." तीनदा हसायचं होतं, तेही हसले. टिपणीसनं अंगठा वर केला. मी साडी नेसायला गेले.

शोरूमचा कार्यक्रम छान झाला. टाळ्या, फुगे, एका आमदारांचं भाषण. सव्वाचार-साडेचारला मी स्टेजवर लकी ड्रॉच्या चिठ्ठ्या काढत होते. स्टेजचं तोंड पूर्वेला होतं. चिठ्ठी उलगडताना मी मान वर केली आणि लांब, माळाच्या कडेला, आभाळाची खालची पट्टी मळलेली दिसली. ओलं धुणं बादलीत विसरल्यावर पडतो तसा रंग. मला कळलं काय आहे ते. शंभर वेळा मी ते सांगणाऱ्याच्या नावानिशी रेडिओवर सांगितलं होतं. पर्समध्ये मोबाईल होता. सदाशिव दहा पावलांवर उभा होता. त्याच्या मशिनातून मी तिथूनच गावभर बोलू शकले असते.

आणि मी चिठ्ठीवरचं नाव वाचलं. मग पुढची चिठ्ठी काढली. स्वतःला म्हणाले, लांबचं आहे, फाकेल.

रात्री पाऊस आला. फार नाही, पण सकाळपर्यंत झिरपत राहिला.

रविवारी सकाळी सहापासून स्टेशनचा फोन वाजत होता. मी आठला पोचले तेव्हा सदाशिवनं रिसीव्हर काढून बाजूला ठेवला होता. मी तो परत जाग्यावर ठेवला आणि दुपारपर्यंत उचलत बसले. लोक काय बोलले ते सांगत नाही. कुणी शिव्या दिल्या, ते बरं वाटलं. एक बाई नुसतं म्हणाली, "हेमाताई, तुम्ही सांगितलं म्हणून ह्यांनी ब्लोअर दुसऱ्याला दिला," आणि फोन ठेवला. ते सहन झालं नाही. बाथरूममध्ये जाऊन मी रडले, तोंड धुतलं आणि पुन्हा फोनजवळ येऊन बसले.

इराप्पांचा फोन आला नाही. मी तीनदा लावला. वाजत राहिला.

दोनला टिपणीस आला. काल रात्री झोपला नसावा. शर्टाला इस्त्री नव्हती. त्याच्या हातात पुण्याहून आलेला कागद होता.

"चार-पाचला एवढं वाचायचं, ताई. 'तांत्रिक बिघाडामुळे काल जुनं ध्वनिमुद्रण प्रसारित झालं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' बस. हे वाचलं तर आभाळाचा कार्यक्रम सीझनभर चालू ठेवतील. मी भांडून कबूल करून घेतलंय."

"आणि नाही वाचलं तर?"

"तर आजपासून बंद. चार-पाचला गाणी. आणि तुमचं..."

"माझं काय ते कळलं."

"ताई, ऐका माझं. चूक माझी आहे. मी सांगितलं रेकॉर्ड करायला. पण आता कार्यक्रम वाचवणं महत्त्वाचं नाही का? बंद झाला तर या लोकांचंच नुकसान."

मुद्दा खोटा नव्हता. मी कागद घेतला, दोनदा वाचला. मग खिडकी उघडली आणि त्याला बाहेर दाखवलं. आभाळ वर मोकळं झालं होतं, ऊन पडलं होतं. पण हवा हलत नव्हती आणि अंगाला चिकटत होती.

"हे ऊन बघून लोक काय करणार आज?" मी विचारलं.

"काय करणार?"

"म्हणणार, गेला पाऊस. भिजलेल्या बागेत चिखलात ट्रॅक्टर घालण्यापेक्षा उद्या बघू. आणि आज रात्री परत आला, तर कालचं थोडं राहिलंय तेही जाणार. आज औषध पडलं तर अजून वाचतंय, टिपणीस. म्हणून आजचं आभाळ कालच्यापेक्षा मोठं आहे."

"मग सांगा ना आजचं. हे वाचा आणि लगेच आजचं सांगा."

"मशीन बिघडलं म्हणून सांगितलं, तर आजही बिघडलेलं असेल असंच वाटेल त्यांना. कोण ऐकेल?"

"आणि तुम्ही खोटं बोललात असं सांगितलं, तर ऐकतील?"

तेच तर मला माहीत नव्हतं.

चारच्या ठोक्याला नरळे मास्तरांचा फोन आला. आवाज तुटक होता, पण फोन आला. बनाळ्याला ढग आहेत, विरळ. मग सरूबाई. "खिंडीतनं धड दिसंना बाई, पर वारं गार लागतंय." दोन्ही लिहून घेतलं. हुलगेवाडी नाही. हुलगेवाडीशिवाय ढग येतायत की चाललेत, हे सांगता येत नव्हतं. बनाळं आणि खिंड दोन्ही अलीकडची.

मी स्टुडिओत बसले. काचेपलीकडे टिपणीस, त्याचा हात खटक्यावर. तो खटका ओढला की माझा आवाज बंद आणि पुण्याची गाणी सुरू. टेबलावर पुण्याचा कागद आणि माझी वही. लाल दिवा लागला.

"नमस्कार. मी हेमलता चौगुले."

इतक्या वर्षांत मी माझं पूर्ण नाव रेडिओवर पहिल्यांदाच घेतलं. हसले नाही.

"काल चार वाजून पाच मिनिटांनी मी तुम्हाला जे आभाळ सांगितलं, ते चारचं नव्हतं. ते दुपारी बाराचं होतं. मला शोरूमच्या कार्यक्रमाला जायचं होतं म्हणून मी ते आधी बोलून ठेवलं. मशीन बिघडलं नव्हतं. हुलगेवाडीच्या इराप्पा कोळेकरांनी मला बजावलं होतं की हे आत्ताचं आहे. तरी मी त्यांचं नाव घेऊन ते चारचं म्हणून सांगितलं. त्यांनी तसं सांगितलं नव्हतं. साडेचारला मला स्वतःला ढग दिसले होते, तेव्हाही मी बोलले नाही. तुमच्या बागा माझ्यामुळे औषधाविना राहिल्या."

काचेकडे बघायचं मी टाळत होते. आवाज बंद झाल्याचं कानातल्या हेडफोनमध्ये कळलं असतं. पण आवाज चालूच होता.

"आता आजचं. आत्ता चार वाजून सहा मिनिटं झाली आहेत. बनाळ्याहून पोस्टमास्तर नरळे कळवतात, ढग आहेत, विरळ आहेत. चिंचखिंडीहून सरूबाई कळवतात, वारं गार आहे. हुलगेवाडीचं आज माझ्याकडे नाही. नाही ते मी सांगणार नाही."

आणि टेबलावरच्या फोनचा दिवा लुकलुकायला लागला.

लाईव्हमध्ये फोन उचलायचा नाही, हा पुण्याचा नियम. आण्णांच्या काळात आम्ही उचलायचो आणि रिसीव्हर माईकला लावायचो. मी उचलला आणि लावला. कर्कश्श शिट्टी घुमली, म्हणजे पलीकडे रेडिओ चालू होता.

"रेडिओ बारीक करा आधी," मी म्हणाले. तोंडात बसलेलं वाक्य होतं ते.

शिट्टी थांबली. कुणीतरी खाकरलं.

"शिंदेमळ्यात लेक दिलीया माझी," इराप्पा म्हणाले. "ठावं हाय का तुला?"

"नाही, काका."

"तुझ्या स्टेशनापासनं मैलभर बी न्हाई. नवी बाग हाय. पयलाच बहार. काल साडेतीनला मला ढग दिसलं. तुला फोन लावला. अकरा येळा लावला. कुणी उचललाच न्हाई. आन् मग माझ्याच रेडिओवर माझंच नाव ऐकलं मी. निवळ हाय म्हणून."

मी रिसीव्हर माईकला तसाच लावून ठेवला.

"मग लेकीला लावला. ती बागंत. फोन घरात. दिवं लागल्यावर घावली. म्हनली, आबा, तुमीच तर सांगितलं की रेडिओवर. तुमचं नाव ऐकून ह्यांनी औषधाच्या पान्याचा टँकर परत धाडला."

गावभर हे ऐकू जात होतं. त्यांच्या लेकीलाही जात असणार. मी फक्त एवढंच म्हणाले, "तुमचं नाव मी घालवलं, काका."

"व्हय," ते म्हणाले. "घालवलंस."

मग बराच वेळ काही नाही. रेडिओवर इतकी शांतता कुणी ठेवत नाही. काचेपलीकडे टिपणीसच्या मोबाईलचा उजेड परत परत लागत होता, पुण्याचा असणार. त्याचा एक हात अजून खटक्यावर होता आणि तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं इराप्पांनी फोन ठेवला. मी कान लावून ऐकलं. म्हातारा चालत होता. चपलांचा आवाज येत होता. मग दार उघडल्याचा.

"लिहून घे," इराप्पा म्हणाले.

मी पेन उचललं. इतकी वर्षं लिहून घेतलं होतं, पण त्या दिवशी वहीची ओळ दिसेना. डोळे पुसून घेतले.

"हुलगेवाडी. चार वाजून धा मिन्टं. उगवतीला आभाळ भरलंय. कालच्याहून काळं. वारं उगवतीकडनंच, सरळ मावळतीला. धा वाजायच्या आत तिकडं येतंय." पुढे म्हणाले, "नाव घालून सांग. माझंच नाव घाल."

आणि ठेवला.

मी माईक जवळ ओढला. "चार वाजून दहा मिनिटं. हुलगेवाडीहून इराप्पा कोळेकर कळवतात..." सगळं जसंच्या तसं सांगितलं, 'कालच्याहून काळं' हेसुद्धा. शेवटी म्हणाले, "हे आत्ताचं आहे." आणि माईक बंद केला.

बाहेर आले तेव्हा टिपणीस खुर्चीत बसला होता. मोबाईल टेबलावर पालथा ठेवला होता आणि तो तिथल्या तिथे थरथरत फिरत होता.

"बंद का नाही केलंत?" मी विचारलं.

"पहिल्या वाक्याला करणार होतो," तो म्हणाला. "मग तुम्ही म्हणालात, मशीन बिघडलं नव्हतं. त्यावर बंद केलं असतं तर बिघडलंय असंच वाटलं असतं ना लोकांना." तो हसायला बघत होता, पण त्याला जमलं नाही. "आता उद्या आपल्या दोघांनाही पत्र येईल, ताई."

"मला येईल. तुम्हाला समज देतील."

तसंच झालं, माझी ती अडीच वर्षं अशी सुटली, ते जाऊ दे. मी जिन्याकडे निघाले.

"कुठे चाललात?"

"गच्चीवर. या तुम्हीही."

एवढ्या महिन्यांत तो कधी वर आला नव्हता. आम्ही कठड्याशी उभे राहिलो. मावळतीला ऊन होतं, पानांवरचं पाणी चमकत होतं, आणि बागांमध्ये सगळं शांत. पाच मिनिटं गेली. दहा गेली. एका वस्तीवर कुणीतरी बैलाला हाकत होतं, ते स्पष्ट ऐकू येत होतं, इतकं शांत.

"कशाची वाट बघतोय आपण?" टिपणीसनं विचारलं.

मला वाटलं, झालं. संपलं. सात वर्षांचं एका दुपारी संपलं आणि त्याला मीच जबाबदार. खाली जावं म्हणून मी वळले.

टाकीजवळ एक इंजिन खोकलं. बंद पडलं. परत खोकलं आणि लागलं. मग पंख्याचा तो रुंद, भरलेला आवाज वर चढला. मी कठडा घट्ट धरला. थोड्या वेळानं ओढ्याकडून दुसरा. मग लागोपाठ दोन. मग डावीकडे, उजवीकडे, कुठून किती ते कळेनासं झालं. सगळा मावळतीचा भाग घुमायला लागला आणि औषधाचा पांढरा धूर बागांवरून हळूहळू वर यायला लागला.

टिपणीस माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाला, "ताई, हे काय आहे?"

मला आण्णांचं 'हे आपलं श्रोते' आठवलं. मी शिंदेमळ्याच्या दिशेला कान देऊन उभी होते. तिथून अजून काही येत नव्हतं. चिखल असेल, मी मनात म्हटलं. नवी बाग, सखल जमीन, ट्रॅक्टर रुतत असेल. टँकर मिळाला नसेल. आणि ऐकूनही मानायचं नसेल तर तेही त्यांचं बरोबरच होतं.

ऊन कलायला लागलं तरी मी हलले नाही. टिपणीस खाली गेला आणि दोन कप चहा घेऊन परत आला. मी कप हातात घेतला आणि तेवढ्यात तो आवाज आला, मैलभराच्या आतून, शिंदेमळ्याकडून. नव्या इंजिनाचा असावा, जरा बारीक आणि चढा. एका ओळीच्या टोकाला जाऊन तो थांबला, वळला आणि दुसऱ्या ओळीत शिरला.

तो अंधार पडेपर्यंत चालू होता. चहा माझ्या हातात तसाच गार झाला.